पाणी किती फुटावर लागलं?

मराठवाड्याचा समुद्राशी संबंध रेल्वे स्टेशनच्या पिवळ्या पाटीपुरता आहे. नांदेड असो की लातूर, गावाच्या ठळक नावाखाली बारीक अक्षरांत समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेली असते. गाडीला उशीर झाला की माणूस ती पाटी वाचतो, आणि गाडीला उशीर होतोच. त्यामुळं उद्या समुद्राला आमच्या गावी यावंसं वाटलंच, तर त्याला किती मीटर चढून यावं लागेल हा आकडा आम्हाला तोंडपाठ आहे. तो येणार नाही, हेही आम्हाला माहीत आहे. आमच्याकडं येतो म्हणालेलं पाणी सहसा येत नाही.

म्हणून आम्ही पाण्याची हौस नावावर भागवतो. पैठणला जायकवाडीचं धरण बांधलं, त्याच्या जलाशयाचं नाव नाथसागर. नांदेडजवळ विष्णुपुरीला गोदावरी अडवली, तो शंकरसागर. कोकणातला माणूस खऱ्या समुद्राला नुसतं 'दर्या' म्हणतो आणि पाठ फिरवून झोपतो. आमच्याकडं गुडघाभर पाणी साठलं की नारळ फोडून त्याला सागर म्हणायचं, असा रिवाज आहे.

हा रिवाज जुना असावा. भारताच्या समुद्रांची खबरबात ठेवणारी, त्सुनामीचा इशारा देणारी 'इन्कॉइस' ही केंद्र सरकारची संस्था 1999 साली स्थापन झाली, ती हैदराबादला. मुंबई नाही, चेन्नई नाही, हैदराबाद. तिच्या पत्त्यात एकीकडं 'ओशन व्हॅली' आहे आणि दुसरीकडं 'निजामपेट'. जवळपासचा मोठा सागर म्हणजे हुसेनसागर. 1948 पर्यंत आम्हीही निजामाच्याच मुलखात होतो. तेव्हा समुद्र नसताना समुद्राचा कारभार पाहणं ही आमची घराण्याची चाल आहे, असं समजायला हरकत नाही.

हे सगळं आठवायचं कारण माझा भाचा.

भाचा लातूरचा, म्हणजे 'लातूर पॅटर्न'चा. त्याच्या वर्गातली अर्धी मुलं डॉक्टर झाली, उरलेली इंजिनेर झाली, आणि हा विष्णुपुरीच्या श्री गुरू गोबिंदसिंगजी कॉलेजात इन्स्ट्रुमेंटेशन शिकून थेट समुद्राच्या नादी लागला. गोव्याकडं कुठल्याशा प्रकल्पात समुद्राच्या पाण्याचं तापमान आणि खारटपणा मोजणारं यंत्र तयार करायचं काम त्याच्याकडं आलं. यंत्र म्हणजे आत सर्किट, बॅटरी आणि बाहेर ॲल्युमिनियमची बंद नळी. सर्किट त्यानं बनवलं. नळीपाशी घोडं अडलं.

परदेशातून नळी मागवावी, तर कोटेशनमधल्या रकमेत आमच्याकडं चार बोअर पाडून होतात, चारही कोरडे. मोठ्या शहरातल्या कारखान्यांत विचारलं, तर पहिला प्रश्न एकच : "किती नग?"

"एक."

यावर समोरचा माणूस जसा बघतो, तसं केटरिंगवाल्याला 'एका माणसाचं जेवण आहे' असं सांगून बघावं. विज्ञानाची हीच पंचाईत आहे. जगात ज्या गोष्टीचे हजार नग लागतात ती सगळीकडं मिळते; संशोधकाला नेमका एकच नग लागतो, तोही आजवर कुणी केलेला नसतो.

शेवटी भाचा सुट्टीवर आला तेव्हा मी त्याला लातूरच्या एमआयडीसीतल्या एका गाळ्यात घेऊन गेलो. पाटीवर लिहिलं होतं : 'येथे सर्व प्रकारच्या मोटारी भरून मिळतील'. परगावच्या माणसाला वाटेल, इथं मोटारीत माणसं भरतात. मोटर भरणं म्हणजे जळालेल्या मोटरीची जुनी वायर काढून नवी वायर गुंडाळणं. गाळ्यात बोअरच्या पाणबुडी मोटरी भिंतीला टेकून उभ्या होत्या, सरकारी दवाखान्याबाहेर पेशंट उभे असतात तशा. कोपऱ्यात लेथ, आणि लेथवर मिस्त्री.

"या सर. कुणाची मोटर जळाली?"

"मोटर नाही. भाच्याला समुद्रात टाकायचं एक यंत्र करून पाहिजे."

मिस्त्रींनी लेथ बंद केला. तंबाखूची गोळी या गालातून त्या गालात सरकली. "समुद्रात. किती खोल?"

"दोनशे मीटर," भाचा जरा छाती काढून म्हणाला.

"म्हणजे साडेसहाशे फूट." मिस्त्रींनी लेथ पुन्हा सुरू केला. "इतकंच ना? मला वाटलं खोल हाय."

भाच्याचा चेहरा बघण्यासारखा झाला. गोव्यातल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेनं, म्हणजे 1966 सालापासून हेच काम करणाऱ्या संस्थेनं, 'माया' नावाचं स्वतःच पोहणारं पाणबुडं यंत्र तयार केलं, ते दोनशे मीटर खोलीसाठी. आणि इथं भिंतीला टेकलेली प्रत्येक दुसरी मोटर आठशे फुटांवरून वर आलेली. महाराष्ट्राच्या 2009 च्या भूजल कायद्यानं 60 मीटरच्या खालच्या विहिरीला 'खोल विहीर' म्हटलेलं आहे. त्या हिशेबानं लातूरचा सामान्य शेतकरी हा कायद्याला न विचारता खोल समुद्रात उतरलेला माणूस आहे. मुरूम, मांजऱ्या, गेरू, मग काळा पाषाण, असे थर त्याला तोंडपाठ असतात. सहा-साडेसहा कोटी वर्षांपूर्वी ज्वालामुखीनं थर रचून ठेवले आणि आम्ही ते फुटावर भाव ठरवून फोडतो.

"पण काका," भाचा सावरून म्हणाला, "समुद्रात दाब असतो. दर दहा मीटरला साधारण एक किलो, एक चौरस सेंटिमीटरवर. दोनशे मीटरला वीस किलो."

"आमच्या बोअरमधी बी तेवढाच असतोय की."

"बोअरमध्ये पाणी काठोकाठ भरलेलं असलं तर."

इथं मात्र गाळ्यात शांतता पसरली. भोक आठशे फुटांचं, पाणी तळाशी तीस फूट. दाब लागणार एक किलोसुद्धा नाही. खोली आमच्याकडं आहे, दाब देणारं पाणी नाही. 2016 साली तर लातूरला पाणी मिरजेहून रेल्वेनं आलं. एप्रिलात पहिली 'जलदूत' दहा वॅगन आणि पाच लाख लिटर पाणी घेऊन पोचली, तेव्हा लोक वऱ्हाड आल्यासारखे स्टेशनवर गेले होते. त्या दिवशी पिवळ्या पाटीवरच्या समुद्रसपाटीकडं कुणाचंच लक्ष नव्हतं.

मिस्त्रींनी ड्रॉइंग हातात घेतलं. आधी उलटं धरलं, मग सुलटं, मग उजेडाकडं. झाकणाच्या खाचेपाशी लिहिलं होतं, चूक 0.05 मिलिमीटरपेक्षा जास्त नको. आमच्या भागात माप सुतात चालतं. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, सव्वातीन मिलिमीटरला किंचित कमी. त्याच्या खालची मापं तीन : 'जरा', 'जरासं' आणि 'केसभर'. ड्रॉइंगमधलं माप केसभरात बसत होतं, म्हणून मिस्त्रींनी मान्य केलं.

"आत पाणी भरून दिलं तर न्हाई चालणार?" त्यांनी विचारलं.

भाचा हसला. मला वाटलं, चुकलाच. कारण लगेच मिस्त्रींनी त्याला भिंतीपाशी नेलं आणि एका मोटरीचा बूच उघडून दाखवला. बोअरच्या बऱ्याच मोटरींत बसवण्याआधी आपणच स्वच्छ पाणी भरतो; आतल्या वायरीवर प्लास्टिकचं आवरण असतं, तिला पाण्याचं वावडं नाही. "आत बी पाणी, बाहेर बी पाणी. मग दाब देणार कुणाला? भांडायला दोघं लागतेत. आत कुणीतरी वेगळं बसलं की भांडण."

भाच्याचं हसू मावळलं. खोल समुद्रातल्या यंत्रांच्या मोटरींत तेल भरून ठेवतात, ते याच कारणासाठी : आतला दाब बाहेरच्याएवढा झाला की जाड भिंतीची गरजच राहत नाही. हे त्याला पुस्तकात सतराव्या प्रकरणात भेटलं होतं. मिस्त्रींना ते पहिल्याच आठवड्यात उस्तादाच्या शिव्यांतून भेटलं होतं. पण सर्किटला तेलात पोहायला लावण्याची भाच्याची छाती होईना, म्हणून कोरडीच नळी ठरली.

आणि मग माझ्या लक्षात आलं की मी एका अजब ठिकाणी उभा आहे. अख्ख्या मराठवाड्यात माणूस पाणी यावं म्हणून धडपडतो. पाणाड्या नारळ घेऊन रानात फिरतो, मालक दागिने मोडून बोअर पाडतो, बाई टँकरपाशी घागर घेऊन थांबते. पाणी आत येऊ नये म्हणून रात्रंदिवस मेहनत घेणारी जागा ही एकच.

नळी कातायला चार दिवस लागले. हाताखाली पोरगं नाही, ही मिस्त्रींची कायमची तक्रार. "गल्लीतली समदी पोरं नीटला बसल्यात. परवा एकाला म्हणलं, बाबा, कानस नीट धर. तर म्हणतंय, काका, नीट द्यायचीय, धरायची न्हाई."

आता गोष्ट उरली वायसरची. शहरात त्याला ओ-रिंग म्हणतात. बांगडीसारखी गोल, दोऱ्यासारखी जाड, काळ्या रबराची वस्तू. किंमत चहाच्या कपाएवढी. झाकणाच्या खाचेत ती बसते, थोडी दबते आणि दबल्यामुळंच फट बुजवते. बाहेरून पाण्याचा दाब वाढला की ती खाचेच्या दुसऱ्या भिंतीशी अधिकच घट्ट चिकटते. म्हणजे जेवढा त्रास जास्त, तेवढी पकड मजबूत. आमच्या घरात ही भूमिका थोरल्या वहिनी करतात. भाच्यानं हिशेब करून दाखवला : झाकण 12 सेंटिमीटर व्यासाचं, दोनशे मीटरवर त्याच्यावर एकूण भार बावीस क्विंटलांच्या वर. बाजार समितीत सोयाबीनचे एवढे कट्टे एका झाकणावर रचले आहेत आणि खाली पहाऱ्याला चहाच्या किमतीचं वायसर बसलं आहे, असं मी डोळ्यांसमोर आणून पाहिलं आणि वायसरला मनातल्या मनात नमस्कार केला.

वायर बाहेर काढायच्या भोकाचं काम मिस्त्रींनी कुणाला हातसुद्धा लावू दिलं नाही. केबलचा जॉइंट ही त्यांची खानदानी कला. तांब्याच्या तारा चाकूनं खरवडून चकचकीत करायच्या, पिळायच्या, डाग द्यायचा. मग रबरी टेप घ्यायची आणि ताणून रुंदीनं निम्मी होईपर्यंत ओढत, प्रत्येक वेढा आधीच्या अर्ध्या वेढ्यावर चढवत गुंडाळायची. नऊवारीच्या निऱ्यासुद्धा इतक्या सारख्या पडत नाहीत. त्यावर दुसरी टेप आणि सगळ्यात वर सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी. भाच्यानं परदेशी राळेची बाटली आणली होती, तीही शेवटी ओतली. पण मिस्त्रींच्या चेहऱ्यावर, पाहुण्याच्या समाधानासाठी वरणावर तूप सोडावं, तेवढाच भाव होता.

मग परीक्षा. दोनशे मीटर पाणी लातुरात आणायचं कुठून? शेततळं तीन मीटर खोल. मिस्त्रींनी बोअरच्या केसिंगचा सात इंची लोखंडी तुकडा घेतला, दोन्ही तोंडांना जाड झाकणं आवळली, आत यंत्र ठेवलं, काठोकाठ पाणी भरलं आणि नळाच्या पाइपलाइनी तपासायचा हातपंप जोडला. हवेचा एक बुडबुडा राहू दिला नाही. "हवा दाबली आन् फुटली तर गाळा उडतोय. पाणी दाबलं आन् फुटलं तर नुसती चड्डी भिजती." एवढं सोपं सुरक्षाशास्त्र मी कुठल्याच पाठ्यपुस्तकात वाचलं नव्हतं.

पण आत पाणी शिरलं की नाही, हे कळणार कसं? सर्किट ठेवून बघणं परवडणारं नव्हतं. भाचा म्हणाला, आत कोरडा कागद ठेवतात. मिस्त्रींनी मान हलवली आणि भाच्यालाच दुकानात पिटाळलं. त्यानं पुडी आणली. मुरमुरे! "कागद भिजल्याबिगर सांगत न्हाई. मुरमुऱ्याला नुसता दमटपणा लागला तरी तो मऊ पडतोय." दोन मुठी मुरमुरे नळीत गेले, झाकण बसलं, हातपंप हलला. काटा चढत चढत तीस किलोवर थांबला, म्हणजे मागणीच्या दीडपट. रात्रभर तसाच ठेवायचा ठरला.

त्या रात्री आम्ही गाळ्यातच चहावर चहा पीत बसलो. भाच्याला वाचा फुटली. जगभरच्या समुद्रांत 'आर्गो'ची सुमारे चार हजार यंत्रं तरंगतात म्हणाला. प्रत्येक यंत्र दोन हजार मीटर खोल जातं आणि दर दहा दिवसांनी वर येऊन उपग्रहाला निरोप देतं. पंखा नाही, वल्हं नाही.

"मग वर कसं येतंय?" मिस्त्रींनी विचारलं.

आतलं तेल बाहेरच्या रबरी पिशवीत ढकलायचं. वजन तेवढंच राहतं, आकार वाढतो, की यंत्र वर. आम्ही दोघं एकदमच म्हणालो, "पुरी!" कढईत तळाशी गेलेली पुरी फुगली की वर येते, हे अवघ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. कमी होती ती फक्त पुरीनं दहा दिवसांनी उपग्रहाला फोन करण्याची.

मग 'मत्स्य 6000' निघाली. चेन्नईच्या राष्ट्रीय सागर तंत्रज्ञान संस्थेची ही पाणबुडी तीन माणसांना सहा हजार मीटर खाली नेणार आहे. माणसं बसायचा गोल टायटॅनियमचा, आतून 2.1 मीटर, भिंत 80 मिलिमीटर जाड. तिथं दाब सहाशे किलो, म्हणजे अंगठ्याच्या नखाएवढ्या जागेवर सहा क्विंटल. मिस्त्रींनी आपलं नख बराच वेळ निरखलं. "तीन माणसं, दोन मीटरच्या गोलात?" ते म्हणाले. "वडापच्या जीपवाल्याला द्या. तो अकरा बसवतोय."

नांदेडहून आलेला म्हणून मीही मागं राहिलो नाही. आमच्या शेजारी, हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ 'लायगो' होणार आहे. चार-चार किलोमीटरच्या दोन नळ्या, आत निर्वात पोकळी, आणि कोट्यवधी प्रकाशवर्षं दूर कृष्णविवरं आदळली की त्याची लहर इथं पकडायची. केंद्रानं तत्त्वतः मंजुरी दिली फेब्रुवारी 2016 मध्ये, आणि 2,600 कोटी मंजूर केले एप्रिल 2023 मध्ये. म्हणजे ज्या उन्हाळ्यात आम्हाला तलावात पाण्याची एक लाट दिसेना, त्याच्या तोंडावर आम्हाला गुरुत्वलहरी मंजूर झाल्या होत्या.

"चार किलोमीटर नळी," मिस्त्री स्वप्नात गेल्यासारखे म्हणाले. "सांधे किती असतील हो त्याला!"

पहाटे केसिंग उघडलं. मिस्त्रींनी नळीचं झाकण फिरवलं, तळहातावर मुरमुरे ओतले आणि एक तोंडात टाकला. कुर्र असा आवाज झाला नाही.

"सुशीला करा," ते गंभीरपणे म्हणाले.

परगावच्या वाचकांसाठी सांगतो : सुशीला ही शोकसभा नव्हे. मुरमुरे भिजवून, पिळून, कांदा-मिरची-शेंगदाण्यावर परतले की जो आमचा नाश्ता होतो, ती सुशीला. त्या दिवशी आम्ही ती खाल्ली. बहुधा तीनशे मीटर खोलीच्या दाबाखाली भिजलेल्या मुरमुऱ्यांची ही पहिलीच सुशीला असावी. तिखट बेताचं होतं.

भाच्यानं भिंग लावून वायसर तपासलं. खाच चोख, रबर चोख. आणि रबरावर तपकिरी रंगाचा एक कण. वायसरवर माणसाचा एक केस आडवा पडला तरी पाण्याला वाट मिळते. हा केस नव्हता. कुणी काही बोललं नाही. मिस्त्रींनी खिशातून पुडी काढली, तिच्याकडं पाहिलं आणि ती गाळ्याबाहेर जाऊन सायकलच्या पिशवीत ठेवून आले. सासऱ्यानं लग्नात घातलेली शपथ आणि डॉक्टरांनी दाखवलेला फोटो यांना जे जमलं नव्हतं, ते चहाच्या किमतीच्या वायसरनं करून दाखवलं. तीन दिवस मिस्त्रींनी तंबाखूला हात लावला नाही. या तीन दिवसांत गाळ्यात जी चिडचिड झाली, तिचा दाब मोजायचं यंत्र भाच्याकडं नव्हतं.

दुसऱ्या खेपेला हात साबणानं धुऊन, वायसरला ग्रीस चोळून, श्वास रोखून झाकण बसलं. पुन्हा तीस किलो, पुन्हा रात्र. पहाटे मुरमुरे तळहातावर आले. मिस्त्रींनी एक मला दिला, एक भाच्याला, एक स्वतः घेतला. कुर्र. कुर्र. कुर्र. गोव्याला पाठवायच्या रिपोर्टात भाच्यानं 'गळती आढळली नाही' असं लिहिलं. पुरावा आम्ही खाऊन टाकला होता.

यंत्र गोव्याला गेलं. महिना-सव्वा महिन्यानं भाच्याचा व्हिडिओ कॉल आला, तेव्हा मी गाळ्यातच होतो. मागं निळं पाणी आणि डोलणारी बोट. "काका, टाकलं! दीडशे मीटरपर्यंत जाऊन आलं. आत थेंब नाही!"

मिस्त्रींनी फोन जवळ घेतला. चाळीस वर्षांच्या सवयीनं त्यांच्या तोंडून पहिला प्रश्न तोच निघाला, जो आमच्याकडं बोअरच्या गाडीभोवती उभा असलेला प्रत्येक माणूस विचारतो.

"पाणी किती फुटावर लागलं?"

भाचा क्षणभर गोंधळला. "काका, समुद्र आहे. शून्य फुटावर."

"शून्य?" मिस्त्रींनी माझ्याकडं पाहिलं, पुन्हा फोनकडं पाहिलं. "केसिंग न टाकता? ... आन् किती इंची?"

भाच्यानं फोन फिरवला. या टोकापासून त्या टोकापर्यंत पाणीच पाणी. मिस्त्री बराच वेळ बघत राहिले. मग हळूच विचारलं, "पिता येतंय का?"

"नाही काका. लिटरमागं पस्तीस ग्रॅम मीठ."

मिस्त्रींनी फोन लेथवर ठेवला. बाहेर एक शेतकरी जळालेली मोटर टेम्पोतून उतरवत होता. त्याच्याकडं बघत ते म्हणाले, "सर, मग आपलंच बरं हाय. लागत न्हाई, पर लागलं तर पिता तरी येतंय."

आणि सायकलच्या पिशवीतून पुडी आणायला गेले.